लंडनजवळच्या ब्रुकलँड्सच्या जुन्या मोटार-रेस ट्रॅकवर चालता येतं का? आणि म्युझियमला किती वेळ ठेवावा?

हो, ट्रॅकचा जो भाग शिल्लक आहे त्यावर चालता येतं; म्युझियमसाठी मात्र अख्खा दिवस ठेवा. १९०७ साली सुरू झालेला हा ट्रॅक सुमारे ४.४ किमी लांब होता आणि वळणांवर काँक्रीटचा उतार जवळजवळ ९ मीटर उंच चढवलेला होता. खाली उभं राहून वर बघितलं की फोटोत न कळणारी उंची कळते. १९३९ नंतर इथे शर्यती झाल्या नाहीत. युद्धकाळात विमान कारखान्यांसाठी ट्रॅक तोडला गेला, त्यामुळे पूर्ण फेरी मारता येत नाही. काँक्रीटही ओबडधोबड आहे, चांगले बूट घाला.

वेळ खरा जातो तो विमानांत. आवाजाहून वेगवान प्रवासी विमान कॉन्कॉर्ड आहे, आणि १९८५ मध्ये लॉक नेस सरोवरातून वर काढलेलं वेलिंग्टन बॉम्बर आहे (माझ्या मते तेच इथलं सर्वांत भारी). शिवाय त्याच आवारात लंडन बस म्युझियम. लंडनच्या वॉटरलू स्टेशनहून जवळच्या वेब्रिज स्टेशनला थेट ट्रेन मिळते, पुढे चालत वीसेक मिनिटं. कॉन्कॉर्डच्या आत जायचं असेल तर निघण्याआधी त्या दिवशीच्या वेळा बघून घ्या.