श्रीलंकेत तमिळ ईलम, म्हणजे तमिळांचा वेगळा देश, मागणाऱ्या एवढ्या सशस्त्र संघटना होत्या, मग शेवटी एलटीटीईच (लिट्टे) का उरली?

कारण बाकीच्यांना तिनेच संपवलं, सरळ सांगायचं तर. मुळात राग खरा होता, १९५६ चा फक्त सिंहलीला राजभाषा करणारा कायदा, मग सत्तरच्या दशकात युनिव्हर्सिटी अ‍ॅडमिशनला तमिळ पोरांना जास्त मार्क लागायला लागले, त्यातून उत्तरेकडच्या तमिळबहुल जाफनाची तरुण पोरं जुन्या नेत्यांना वैतागून बंदुकीकडे वळली. प्रभाकरनने १९७६ मध्ये एलटीटीई काढली, उमा महेश्वरन तिचा चेअरमन होता पण दोघांचं फाटलं आणि उमाने प्लोट नावाची वेगळी संघटना काढली. १९८२ मध्ये तर दोघांनी चेन्नईच्या पाँडी बझारमध्ये भररस्त्यात एकमेकांवर गोळ्या झाडल्या, म्हणजे बघा!

१९८३ च्या तमिळविरोधी दंगलींनंतर या संघटनांत पोरांची रीघ लागली, भारतानेही टेलो, ईपीआरएलएफ, एलटीटीई वगैरे सगळ्या तमिळ संघटनांना ट्रेनिंग दिलं (हे आपल्याला पुढे किती महागात पडलं ते माहीतच आहे). १९८५ मध्ये चार संघटनांनी आघाडी केली खरी, पण १९८६ च्या मे महिन्यात एलटीटीईने टेलोचा नेता श्री सबारत्नम आणि त्याची कितीतरी माणसं मारली, वर्षअखेरीस ईपीआरएलएफवर तुटून पडले. ईपीआरएलएफचा नेता पद्मनाभ १९९० मध्ये चेन्नईत एलटीटीईकडून मारला गेला. विचारसरणीचे फरक होते, ईपीआरएलएफवाले डावे वगैरे, पण माझ्या मते खरं भांडण बॉस कोण याचंच होतं.