लुंपिया तेलात फुटतात, काय करू?

प्रश्न : माझे यजमान बोटीवर असतात. तिथले फिलिपिनो सहकारी लुंपिया नावाचे तळलेले रोल करतात. सुट्टीवर आले की ह्यांना तेच घरी हवे असतात. मी स्प्रिंग रोलच्या तयार शीट आणून करते, पण रोल तेलात फुटतात. वरून करपतात आणि आत खिमा कच्चा राहतो. आमच्याकडे पोर्क चालत नाही, चिकन घालते. काय चुकतं? आणि सासूबाई सोमवारी मांसाहार करत नाहीत, त्यांच्यासाठी भाजीचे करता येतील का?
– एक वाचक, फोंडा

उत्तर : ताई, तुमचे रोल जाड होताहेत. चायनीजच्या गाड्यावरचा रोल डोळ्यांसमोर ठेवून भरत असणार! फिलिपिन्समध्ये ज्याला ‘लुंपियांग शांघाय’ म्हणतात, तो जेमतेम बोटाएवढा असतो. त्यात खिमा कच्चाच भरतात, त्यामुळे शीट लाल होईपर्यंत आतलं शिजायला हवं तर रोल बारीकच हवा.

पोर्क नाही म्हणून अडत नाही. चिकनचा खिमा मात्र मांडीच्या मांसाचा करून घ्या, छातीचा कोरडा पडतो. त्यात थोडी सुंगटं (कोळंबी) बारीक चिरून घातलीत तर फारच छान. अर्धा किलो खिम्याला एक गाजर, एक कांदा, चार-पाच लसूण पाकळ्या, एक अंडं, मीठ आणि मिरपूड पुरे. गाजर किसून आणि कांदा अगदी बारीक चिरून दोन्ही घट्ट पिळा. हे पाणी आत राहिलं की तेलात त्याची वाफ होते आणि रोल फुटतो. मीठ बघायला चिमूटभर सारण तव्यावर भाजून खा, कच्चं चाखू नका.

गोठलेल्या शीटचं पाकीट आदल्या रात्री फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवा. सुटी केलेली शीट ओल्या फडक्याखाली ठेवा, वारा लागला की कडा तडकतात. सारणाची बारीक वळी एका कडेला ठेवून आत हवा राहणार नाही असं घट्ट गुंडाळा. शेवट मैद्याच्या खळीने चिकटवा. लांब रोल कात्रीने अर्धा केला तरी चालतो. टोकं उघडी दिसतात, पण खिमा शिजला की धरून राहतो.

आच मध्यम ठेवा. कढईत एका वेळी थोडेच सोडा. काढल्यावर चाळणीत उभे करा आणि झाकू नका. जास्त झाले तर कच्चेच फ्रीझरमध्ये ठेवा आणि गोठलेलेच तेलात सोडा, फक्त आच जरा कमी. आधी वितळवलेत तर शीट लगदा होते.

सासूबाईंच्या सोमवारसाठी भाजीचे करायचे तर तिकडे मुगाचेच मोड घालतात, पण लांब शेपटीचे. आपल्या मुगागाठीचे (मोडाच्या मुगाच्या गोव्याकडच्या आमटीचे) आखूड मोडही चालतील. ही भाजी मात्र आधी परतून पूर्ण गार करायची.

सोबत केचप नको, हे माझं स्पष्ट मत. (फिलिपिन्सचं केळ्यांचं केचप प्रसिद्ध आहे आणि त्याचं श्रेय मारिया ओरोसा या अन्नतंत्रज्ञ बाईंना देतात, पण ते गोड लागतं.) तिकडेही माडाच्या सुरेचं व्हिनेगर करतात, आणि ते तर आपल्या म्हापशाच्या बाजारातही मिळतं! त्यात ठेचलेली लसूण, चिरलेली मिरची, मीठ आणि किंचित साखर घालून तासभर मुरू द्या.

उरलेल्या शीटचं ‘तुरोन’ करा. मयड्याचं (गोव्यातल्या मयडे गावचं) केळं उभं चिरून गुळाच्या पावडरीत घोळवायचं, सोबत काप्या फणसाच्या गऱ्याची एक पट्टी ठेवून गुंडाळायचं आणि तळायचं. तळताना तेलात थोडी साखर सोडली की ती वितळून वर चकचकीत कवच धरते. हे सगळ्यात शेवटी तळा, कारण त्यानंतर त्या तेलात दुसरं काही तळता येत नाही.