मेल सर्व्हरवरून मेल बाहेर जाणं अचानक बंद झालं, तर आधी काय बघावं?

तुम्ही लिहिलंय त्यावरून चित्र असं दिसतं: भोसरीच्या ऑफिसात उबुंटूवर (लिनक्सचा एक प्रकार) स्वतःचा पोस्टफिक्स सर्व्हर आहे; पोस्टफिक्स म्हणजे मेल नेण्या-आणण्याचं सॉफ्टवेअर. गुरुवार संध्याकाळपासून बाहेर एकही मेल पोचलेला नाही. बाहेरून येणारे मेल मात्र नीट येतायत. वेबमेलमध्ये सगळं 'सेंट' दिसतं, कुणालाही मेल परत आल्याची सूचना नाही आणि सर्व्हर रीस्टार्ट करून काही फरक पडलेला नाही. तर आता पुन्हा रीस्टार्ट करू नका. आणि कुणी काहीही सांगो, रांगेतले मेल पुसू नका.

तुमचे मेल हरवलेले नाहीत. वेबमेलमधल्या 'सेंट'चा अर्थ एवढाच की मेल पोस्टफिक्सच्या ताब्यात गेला. पलीकडच्या सर्व्हरने तो घेतला नाही, तर पोस्टफिक्स तो रांगेत ठेवतो आणि पुन्हा पुन्हा नेऊन बघतो. आधी पाच-दहा मिनिटांनी, मग अंतर वाढवत साधारण तासाभराने. मूळ सेटिंगप्रमाणे हे पाच दिवस चालतं आणि मग मेल पाठवणाऱ्याकडे परत येतो. पाच दिवस हा आकडा उगाच आलेला नाही. एसएमटीपीचं, म्हणजे सर्व्हर एकमेकांना मेल देतात त्या पद्धतीचं, २००८ सालचं प्रमाण सांगतं की किमान चार-पाच दिवस तरी प्रयत्न सोडू नका. 'मेल अडकलाय' असा इशारा मधेच देण्याची सोय पोस्टफिक्समध्ये आहे, पण ती मुळात बंद असते. म्हणून तुमच्या माणसांना काहीच कळलं नाही.

म्हणजे गुरुवारचे मेल मंगळवार संध्याकाळपर्यंत सुरक्षित आहेत. सगळ्यात आधी मेन डॉट सीएफ या पोस्टफिक्सच्या सेटिंगच्या फाइलमध्ये 'मॅक्सिमल क्यू लाइफटाइम' (रांगेत थांबण्याची मुदत) दहा दिवस करा, 'डिले वॉर्निंग टाइम' (अडकल्याचा इशारा किती वेळाने द्यायचा) चार तास ठेवा आणि पोस्टफिक्स रीलोड करा, म्हणजे बंद न करता नवं सेटिंग वाचायला लावा. रांगेत आधीपासून असलेल्या मेलनाही वाढीव मुदत लागू होते. आता घाई उरली नाही. मग सेल्सवाल्यांना सांगा की ग्राहकांना फोन करा, पण तेच कोटेशन परत परत पाठवू नका. रांग मोकळी झाली की सगळ्या प्रती एकदम जाऊन पडतील, आणि त्यातला कुठला भाव खरा हे ग्राहकानं कसं ओळखायचं?

आता कारण. ते शोधायला अंदाज बांधावा लागत नाही, सर्व्हरनं ते स्वतःच लिहून ठेवलेलं असतं. 'मेलक्यू' ही कमांड द्या. प्रत्येक मेलखाली कंसात एक वाक्य दिसेल. तेच वाक्य 'व्हार'मधल्या 'लॉग' फोल्डरच्या मेल डॉट लॉगमध्ये जास्त तपशिलाने असतं. त्यातली एकच ओळ घ्या आणि शब्द न् शब्द वाचा. 'टू'पुढे ग्राहकाचा पत्ता. 'रिले'पुढे ज्या सर्व्हरशी बोलणं झालं त्याचं नाव. तिथे 'नन' असेल तर बोलणं झालंच नाही. 'डीएसएन'पुढचा पहिला आकडा ४ असेल तर अडचण तात्पुरती, ५ असेल तर नकार कायमचा. शेवटी 'स्टेटस' आणि कंसात कारण. पाचाचा नकार मिळालेला मेल रांगेत थांबत नाही, लगेच परत येतो. तुमच्याकडे एकही मेल परत आलेला नाही, म्हणजे तुमच्या लॉगमध्ये सगळीकडे ४ असणार. स्पॅमवाल्यांच्या काळ्या यादीत नाव गेलं, एसपीएफ (डोमेनच्या नावाने कुठला सर्व्हर मेल पाठवू शकतो ते सांगणारी नोंद) चुकलं वगैरे शंका त्यामुळे खूप मागे पडतात.

उरतात त्यातल्या दोन शक्यता मला दाट वाटतात. मी चाकण-भोसरीकडच्या छोट्या कारखान्यांचे सर्व्हर सांभाळतो, त्या अनुभवावरून सांगतो.

पहिली, आणि माझा कौल हिलाच: तुमच्याकडे इंटरनेटच्या दोन लाइन असाव्यात. एक स्थिर आयपीची (न बदलणाऱ्या इंटरनेट पत्त्याची), दुसरी साधं ब्रॉडबँड, 'असू दे' म्हणून घेतलेली. गुरुवारी देखभालीसाठी वीज जाते, हे पुण्यात कुणाला सांगायला नको. वीज आल्यावर राउटर लगेच उठतो, पण मुख्य लाइनची कंपनीची पेटी कुठेतरी रस्त्यावर असते आणि तिला जीव यायला वेळ लागतो. तेवढ्यात राउटर दुसऱ्या लाइनवर जातो. थोड्या वेळाने मुख्य लाइन परत येते, पण आपणहून तिच्यावर परतण्याचं सेटिंग चालू केलेलं नसेल तर राउटर दुसरीवरच बसून राहतो. बाहेरून येणारे मेल तुमच्या एमएक्स रेकॉर्डप्रमाणे (डोमेनचे मेल कुठल्या सर्व्हरकडे द्यायचे ती नोंद) स्थिर आयपीवर येतात, ते व्यवस्थित आत येतात. जाणारे मात्र दुसऱ्या लाइनने निघतात, आणि घरगुती पद्धतीच्या ब्रॉडबँडवर बाहेर जाणारा पोर्ट २५ (सर्व्हर एकमेकांना मेल देतात तो दरवाजा) बहुतेक वेळा बंद असतो, कारण व्हायरस लागलेले कॉम्प्युटर त्यातूनच स्पॅम फेकतात. लॉगमध्ये मग ओळीच्या ओळी 'कनेक्शन टाइम्ड आउट'. ब्राउझर चालतो, व्हॉट्सॲप चालतं, म्हणून सगळे म्हणतात इंटरनेट तर चालू आहे. पण ते मुख्यतः पोर्ट ४४३ वर, म्हणजे वेबच्या दरवाजाने. त्यावरून पोर्ट २५ चं काही कळत नाही.

तपासायला पाच मिनिटं पुरतात. सर्व्हरवरूनच, तुमच्या लॅपटॉपवरून नव्हे, आपला बाहेरचा आयपी दाखवणाऱ्या एखाद्या साइटला 'कर्ल' कमांडने विचारा. तो आकडा तुमच्या स्थिर आयपीशी जुळतोय का बघा. मग 'टेलनेट' कमांडने जीमेलच्या एमएक्स सर्व्हरला पोर्ट २५ वर जोडून बघा. २२० ने सुरू होणारी ओळ आली तर रस्ता मोकळा. 'ट्रायिंग'च्या पुढे काहीच आलं नाही तर पोर्ट बंद. आयपी वेगळा निघाला तर राउटरमध्ये नियम घाला: सर्व्हरच्या आतल्या पत्त्यावरून पोर्ट २५ ने जे बाहेर जाईल ते फक्त स्थिर लाइननेच. ती लाइन बंद पडली तर मेल थांबू देत, दुसरीकडून पाठवू नका. दुसऱ्या लाइनचा पोर्ट उघडा असता तर परिस्थिती आणखी वाईट झाली असती. तिथला बदलता आयपी स्पॅमहाउस या स्पॅमविरोधी संस्थेच्या पीबीएल यादीत (ज्यांवरून थेट मेल येऊ नये अशा आयपींची यादी) असण्याची शक्यता मोठी, आणि मग प्रत्येक मेल ५ च्या नकाराने परत आला असता.

दुसरी शक्यता: लॉगमध्ये 'होस्ट नॉट फाउंड, ट्राय अगेन' दिसेल. तेच नाव तुम्ही हाताने 'डिग' केलंत (त्या कमांडने नावाचा पत्ता शोधलात) तर लगेच सापडेल आणि तुम्ही चक्रावून जाल. डेबियन-उबुंटूवर पोस्टफिक्सचा मेल नेणारा भाग बहुधा स्वतःच्या बंद कप्प्यात चालतो आणि रिझॉल्व्ह डॉट कॉन्फची (नावांचे पत्ते कुणाला विचारायचे ते सांगणाऱ्या फाइलची) वेगळी प्रत वापरतो. ती प्रत पोस्टफिक्स सुरू होताना बनते. वीज आल्यावर सर्व्हर राउटरच्या आधी उठला तर कोरी किंवा जुनीच प्रत कप्प्यात जाते. तुम्ही फक्त पोस्टफिक्स रीस्टार्ट केला असेल तर ही शंका सोडून द्या, कारण प्रत नवी झाली असणार. पण राउटरसकट सगळंच बंद-चालू केलं असेल तर तेच पुन्हा घडलं असेल. 'व्हार-स्पूल-पोस्टफिक्स'खालच्या 'ईटीसी'मधली फाइल उघडून मूळ फाइलशी ताडून बघा.

डिस्क भरली असती तर आधी येणारे मेल अडले असते, त्यामुळे तिकडे वेळ घालवू नका.

एक गोष्ट मात्र जरूर बघा. 'मेलक्यू'मध्ये तुमच्या ओळखीचे चाळीस-पन्नास मेल न दिसता हजारो दिसले आणि सगळे एकाच खात्यावरून भलत्याच पत्त्यांना निघालेले असले, तर कुणाचा तरी पासवर्ड फुटलाय. मग वरचं सगळं बाजूला ठेवा. आधी पूर्ण रांग 'होल्ड'वर टाका, लॉगमध्ये 'एसएएसएल युजरनेम' (मेल पाठवायला लॉगिन केलेल्या खात्याचं नाव) शोधून त्या खात्याचा पासवर्ड बदला आणि फक्त त्याच पाठवणाऱ्याचे मेल काढा. उरलेली रांग होल्डवरून सोडायला विसरू नका. 'ऑल' लावून पुसायची कमांड लोक बेधडक सुचवतात. ती तुमची कोटेशन आणि बिलंही कायमची पुसून टाकते. अशा वेळी घाईने आयपी बदलणं म्हणजे आगीतून फुफाट्यात.

रस्ता मोकळा झाला की 'फ्लश' करून सगळी रांग एकदम सोडू नका. रांग आपोआप सरकू द्या. एका आयपीवरून जीमेलकडे अचानक लोंढा गेला तर ते थोडा वेळ थोपवून धरतात. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल प्रत्येक पाठवणाऱ्याकडून एसपीएफ किंवा डीकेआयएम (मेलवरची डोमेनची डिजिटल सही) आणि बरोबर पीटीआर रेकॉर्ड (आयपीवरून सर्व्हरचं नाव सांगणारी नोंद) मागतं. हे काम शांतपणे पुढच्या आठवड्यात करा. पीटीआर डोमेन विकणारा देत नाही, स्थिर आयपी देणारी इंटरनेट कंपनी देते. त्यांना ईमेलनेच लेखी मागा, फोनवर तो विषय बऱ्याचदा पुढे सरकत नाही.

'स्वतःचा सर्व्हर सोडा, मोठ्या कंपनीची सेवा घ्या' असंही तुम्हाला ऐकायला मिळेल. तो विचार वाईट नाही, पण रांगेत मेल अडकलेले असताना डोमेनचे रेकॉर्ड हलवू नका, नाहीतर येणारे मेलही बंद पडू शकतात. आज जमतंय तेवढं नीट चालवणं हेच शहाणपणाचं आहे; ऑर्डर, चलन, बिल सगळं या सर्व्हरवरून जातं, त्यावर माणसांचे पगार अवलंबून असतात.

लॉगमधली ती एक ओळ ग्राहकाचा पत्ता झाकून इथे उत्तराखाली टाका. बाहेरचा आयपी जुळला की नाही तेही लिहा, आकडा नको. 'रिले'पुढे काय दिसतं त्यावरून पुढचं सांगता येईल.