परदेशी पालिकेच्या भेटीला निघताना

शिष्टमंडळात पहिल्यांदाच नाव आलंय ना, मग निघण्याआधी आपला प्रश्न एका वाक्यात लिहून काढा. नुसतं ‘शहर बघायला’ जाऊ नका.

ब्राझीलमधलं कुरितिबा घ्या. 1974 मध्ये तिथे बससाठी स्वतंत्र मार्गिका सुरू झाल्या आणि जगभरातून लोक त्या बघायला गेले. कोलंबियातल्या बोगोटाने त्यातून शिकून 2000 मध्ये ट्रान्समिलेनिओ ही स्वतंत्र मार्गिकांवरची बससेवा सुरू केली. पण कुरितिबाचं मर्म मार्गिकेपेक्षा विकास आराखड्यात आहे. उंच इमारतींना परवानगी त्याच बसमार्गांच्या कडेने दिली, त्यामुळे प्रवासी मार्गालगतच राहायला आले. हे रस्त्यावर उभं राहून कळत नाही, त्यासाठी नियोजन विभागातल्या माणसाशी तासभर बोलावं लागतं. म्हणून स्वागत समारंभाचा वेळ कमी करून घ्या आणि देखभालीच्या अभियंत्याची, हिशेब बघणाऱ्याची भेट आधीच मागून ठेवा.

काय फसलं, वर्षाचा खर्च किती, आणि कायद्याने हा अधिकार कोणाकडे, एवढं मी कुठेही विचारतोच. अधिकाराचा मुद्दा तर फारच महत्त्वाचा. एका देशात जे पालिका ठरवते, ते दुसरीकडे वरच्या सरकारच्या हातात असतं. तिथे उत्तम कल्पनाही कागदावरच राहते.

टिपणं त्याच रात्री लिहा. परतल्यावर अहवाल लगेच सभागृहापुढे ठेवा आणि यजमानांनाही आपल्याकडे बोलवा. फक्त घेत राहिल्याने एक चांगला संबंध आटलेला मी पाहिलाय, त्याचं मला आजही वाईट वाटतं.