वाचक विचारतात : सुटली का गाडी?

प्रश्न : काका, आमची वाडी राजापूर तालुक्यात, सड्याखाली. फाट्यावर यायला पाखाडी चढून वीस मिनिटं लागतात. सकाळी एक गाडी, दुपारी एक. मुंबईत माझा मुलगा बस कुठवर आली ते मोबाइलवर बघून घरातून निघतो. तो म्हणतो, गावाकडे ही सोय झाली की लोक परत गाडीने जायला लागतील. मला पटत नाही. दोन गाड्या, त्यांच्या वेळा सगळ्यांना पाठ. मोबाइलवर ठिपका बघून काय होणार?
– एक भगिनी, राजापूर तालुका

उत्तर : ताई, दर दहा मिनिटांनी बस असली की एक चुकली म्हणून कोणाचं अडत नाही. तुमची सकाळची गाडी चुकली तर दिवस गेला. म्हणून तुमच्याकडचा माणूस अर्धा तास आधी फाट्यावर येऊन बसतो, आणि बसल्या बसल्या त्याला एकच घोर : गेली तर नसेल?

मी ३१ वर्षं वाहतूक नियंत्रक होतो. मोबाइल नव्हते तेव्हा एका फाट्यावरच्या चहावाल्याकडे फोन होता. रोज सकाळी त्याचा फोन यायचा, ‘साहेब, सुटली का?’ मी रजिस्टरवर बोट ठेवून सांगायचो, ‘सहा चाळीसला सुटली. घाटात धुकं आहे, पाऊण तास धरा.’ तो रिसीव्हर हातात धरूनच बाहेर ओरडायचा, ‘सुटली गो!’ आणि मला पलीकडून कपबशांचा आवाज यायचा. तोवर टोपल्या कडेवर घेऊन उभ्या असलेल्या बायका आता चहाला बसायच्या.

एका जुलैत दरड आली. गाडी अर्ध्या वाटेतून मागे फिरली, आणि त्याच दरडीने फोनची लाइनही तोडली. एक आजी नातवाला दवाखान्यात न्यायला निघाली होती. इरलं पांघरून दहा वाजेपर्यंत फाट्यावर बसून राहिली. महिन्याभराने ती मला स्टँडवर भेटली. रागावली नव्हती. एवढंच म्हणाली, ‘आता मी रिक्षाच सांगून ठेवते, बाबा. पोराला घेऊन किती बसू?’ त्यानंतर गाडी वर्षभर वेळेवर धावली. आजी काही परत आली नाही.

माझ्या मते माणूस गाडी सोडतो तो असा. उशीर तो सोसतो, न कळणं सोसत नाही. अमेरिकेतल्या सिॲटलमधल्या, २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं की ज्यांना बस कुठे आहे हे कळत नव्हतं, त्यांना वाट पाहण्याचा वेळ खऱ्यापेक्षा जास्त वाटे. ज्यांना कळत होतं, त्यांना जितका गेला तितकाच वाटे. पण मुलालाही सांगा, ठिपक्याने गाड्या भरून वाहत नाहीत. न्यूयॉर्कमध्ये ही सोय टप्प्याटप्प्याने आली, त्यामुळे तुलना करता आली. २०१५ च्या अभ्यासानुसार एका मार्गावरचे रोजचे प्रवासी वाढले ते साधारण १.७ टक्के, आणि तेही मुख्यतः भरपूर फेऱ्यांच्या मार्गांवर. दोन गाड्यांच्या गावाला नवे प्रवासी फारसे मिळायचे नाहीत. आहेत ते मात्र टिकतील, आणि तुमच्या दुपारच्या गाडीला तेवढेच हवेत.

त्यासाठी दाखवलं जाईल ते खरं पाहिजे. गाडीतलं यंत्र उपग्रहावरून आपली जागा ओळखतं आणि मोबाइलच्या सिमवरून कळवतं. घाटात रेंज गेली की ठिपका थिजतो. थिजला तर थिजू दे, खाली ‘१२ मिनिटांपूर्वीची जागा’ असं लिहिलं म्हणजे झालं. पण ती रिकामी जागा छापील वेळापत्रकाने भरून गाडी ‘येतेय’ असं दाखवलं, तर ते फाट्यावरच्या माणसाला फसवणं आहे. मला विचाराल तर तुमच्या फाट्याला तीनच गोष्टी पुरे : सुटली, इथवर आली, आज नाही. यातली तिसरी यंत्राला आपोआप कळत नाही. फेरी रद्द झाली की कंट्रोलच्या खिडकीतल्या माणसाने त्याच मिनिटाला तशी नोंद केली पाहिजे. तक्रार अर्ज लिहाल तेव्हा ॲप मागू नका, ही नोंद मागा. आणि ज्यांच्याकडे मोबाइल नाही त्यांच्यासाठी फाट्यावरच्या दुकानात एक फळा लावून घ्या.

प्रश्न : मुंबईहून येणाऱ्या भावाला आणायला रत्नागिरी स्टेशनवर जातो. मोबाइलवर गाडी उक्षीच्या पुढे येऊन अडकलेली दिसते, मग एकदम जवळ आलेली. असं का?
– एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : उक्षी आणि भोके यांच्या मध्ये करबुड्याचा बोगदा आहे, साडेसहा किलोमीटरचा. गाडीतल्या मोबाइलला बोगद्यात ना उपग्रह दिसतो ना टॉवर, त्यामुळे गाडी बाहेर येईपर्यंत तुम्हाला जुनीच जागा दिसते. शिवाय कोकण रेल्वेचा बहुतेक मार्ग एकेरी. समोरच्या गाडीला वाट द्यायला तुमची गाडी स्टेशनात उभी राहिली की आधीचा अंदाज मोडतो. पावसाळी वेळापत्रकात वेगही कमी असतो. ठिपक्यापेक्षा ‘शेवटची नोंद’ किती वाजताची आहे ते बघा. भोके सुटल्याची नोंद आली की गाडी काढा, पुढचंच स्टेशन रत्नागिरी.