बावन्न वजा सत्तावीस बरोबर पंधरा

"मॅडम, हिला डिसकॅल्क्युलिया तर नसेल ना?" आई अजून खुर्चीत नीट बसलीही नव्हती. मी समुपदेशक. डिसकॅल्क्युलिया, म्हणजे आकडे आणि हिशेब यांच्याशी निगडित अध्ययन अक्षमता. हा प्रश्न हल्ली महिन्यातून एकदा तरी माझ्यासमोर येतो. शब्द मोबाइलवर सापडलेला असतो आणि त्यापायी दोन-तीन रात्रींची झोप उडालेली असते.

मुलगी चौथीत. तिला इथे मनू म्हणू या. (नाव आणि ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत, घरच्यांना विचारून लिहिते आहे.) सांगली परिसरातली मराठी माध्यमाची शाळा. गोष्टीची पुस्तकं धडाधड वाचते, पाढे पंधरापर्यंत तोंडपाठ, आणि गणिताच्या चाचणीत वीसपैकी सहा नाहीतर सात. तिसरीत असं नव्हतं. चौथीच्या दिवाळीनंतर दर मंगळवारी सकाळी तिच्या पोटात दुखायला लागलं. मंगळवारी गणिताची चाचणी असते, हे घरच्यांच्या लक्षात यायला दीड महिना गेला. तोवर दोनदा डॉक्टर झाले होते आणि एकदा सोनोग्राफी.

बाबा एमआयडीसीत शिफ्टला, आई पतसंस्थेत नोकरीला. संध्याकाळचा अभ्यास आबा, म्हणजे मनूचे आजोबा घेतात. आईचं म्हणणं, "शाळेत नीट शिकवतच नाहीत. आबा रोज तासभर घेऊन बसतात, तरी ही अवस्था." शाळेच्या बाईंनी वहीत लाल शाईने लिहिलेलं, "घरी वेगळ्या रीतीने शिकवू नये." मधे मनू. मांडीवर दप्तर घट्ट धरून, माझ्या टेबलावरच्या पेपरवेटकडे बघत.

मी वही मागितली. पहिलं जे दिसलं ते भोक. खोडरबराने घासून घासून कागद फाटला होता, आणि तोही एका पानावर नाही. भोकाच्या कडेला पुन्हा तेच उत्तर लिहिलेलं, जे आधी खोडलं होतं.

आईच्या प्रश्नाकडे मी आधी वळले. अध्ययन अक्षमतेचं निदान समुपदेशक करत नाही. त्यासाठी मानसशास्त्रज्ञांच्या चाचण्या लागतात आणि प्रमाणपत्र अधिकृत रुग्णालयातूनच मिळतं. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात अशा अक्षमतेचा समावेश आहे आणि खरोखर गरज असलेल्या मुलांना परीक्षेत सवलती मिळतात, त्यामुळे शंका असेल तर मी पालकांना थांबवत नाही. पण पाठवण्याआधी काही साध्या गोष्टी बघून घेते. दोन वाट्यांत चवळीचे दाणे टाकून जास्त कुठे आहेत विचारलं. तिने न मोजता बोट दाखवलं. दोरीच्या एका टोकाला शून्य, दुसऱ्या टोकाला शंभर धरून बावन्न कुठे येईल विचारलं, तर चिमटा मधोमध, जरासा पुढे लावला. घड्याळ येतं, दुकानातून उरलेले पैसे बरोबर आणते. मग मी "बावन्न" म्हटलं आणि तिने ५२ लिहिलं, २५ नाही.

हे शेवटचं मी मुद्दाम पाहते. आपल्या मराठीत 'बावन्न' म्हणताना आधी दोनाचा उच्चार येतो आणि मग पन्नासचा, लिहिताना मात्र पाच आधी. एकोणऐंशीत तर ऐंशी ऐकू येतं आणि लिहायचे सात आणि नऊ. कित्येक मुलं इथेच अडखळतात. २०१९मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'पन्नास दोन' अशी वाचनाची रीत जुन्या नावांच्या जोडीला आली, तेव्हा केवढा गदारोळ झाला होता. समितीच्या प्रमुख डॉ. मंगला नारळीकर यांना कायकाय ऐकून घ्यावं लागलं. भाषेच्या अभिमानातून बोलणाऱ्यांचं मन मला कळतं. पण 'त्रेसष्ट' लिहिताना घामाघूम झालेलं सात वर्षांचं मूल समोर बसलेलं ज्याने पाहिलंय, त्याला 'साठ तीन' ही किती मोठी सुटका आहे ते सांगावं लागत नाही.

मनूचा प्रश्न तो नव्हता. मग कुठला? मी वहीतली पाच पानं एका कोऱ्या कागदावर उतरवून काढली.

६८ − २५ = ४३. बरोबर.
५२ − २७ = १५. चूक.
८३ − ४६ = २७. चूक.
६४ − २९ = २५. चूक.

आधी मला नेहमीची चूक वाटली होती. दोनातून सात जात नाहीत, म्हणून मुलं सातातून दोन काढतात आणि बावन्न वजा सत्तावीसचं उत्तर पस्तीस येतं. ही चूक जगभरच्या वर्गांत सापडते. इथे तसं नव्हतं. खरी उत्तरं पंचवीस, सदतीस, पस्तीस. मनूची पंधरा, सत्तावीस, पंचवीस. प्रत्येक वेळी दहा कमी! एकाही ठिकाणी नऊ नाही, अकरा नाही. पुढच्या पानावर ३५२ − १७८ = ६४ होतं. खरं उत्तर १७४. फरक एकशे दहाचा. म्हणजे दशकात दहा गेले आणि शतकात शंभर.

जिला गणितच कळत नाही, ती इतक्या शिस्तीत चुकणार नाही. जॉन सीली ब्राउन आणि रिचर्ड बर्टन या दोघा संशोधकांनी १९७८मध्ये मुलांच्या वजाबाकीच्या चुकांवर काम करून हेच दाखवलं होतं की बऱ्याच चुका निष्काळजीपणाच्या नसतात. मूल एक रीत इमानदारीने पाळत असतं, फक्त त्या रीतीत एक पायरी वाकडी बसलेली असते. ती पायरी शोधायची तर मुलालाच विचारावं लागतं.

मी कोरा कागद पुढे केला. "मनू, मला बावन्न वजा सत्तावीस करून दाखव. उत्तर कसंही येऊ दे. फक्त मनात जे म्हणतेस ते मोठ्याने म्हण."

ती आईकडे बघायला लागली. आईला मी बाहेर बसायची विनंती केली.

"दोनातून सात जात नाहीत," मनू हळूच म्हणाली. "शेजारून एक दशक घेतला." तिने पाचावर काट मारून वर बारकासा चार लिहिला, दोनाच्या डोक्यावर बारा. "बारातून सात गेले पाच. हातचा एक." आणि इथे तिची पेन्सिल खाली उतरली, सत्तावीसच्या दोनाशेजारी तिने बारीक एक लिहिला. "दोन आणि एक तीन. चारातून तीन गेले एक. पंधरा."

"हे वरचं चार करायचं कुणी शिकवलं?"

"बाईंनी."

"आणि हा खालचा हातचा?"

"आबांनी."

दोन्ही रीती बरोबर आहेत. आबांच्या पिढीने वजाबाकी अशीच केली, वरच्या संख्येला कुणी हात लावत नसे, हातचा खालच्याला द्यायचा. आजच्या वर्गात दशक सुटा करतात, पाचाचे चार होतात आणि खालची संख्या तशीच राहते. एक धरली तर दुसरी सोडायची असते. मनूने बाईंचंही ऐकलं आणि आबांचंही ऐकलं. दोघांपैकी कुणाला नाराज करायचं हे त्या नऊ वर्षांच्या मुलीला ठरवता आलं नाही, आणि तिने दोघांचं मिळून एक केलं. बाईंनी लाल फुली मारली की संध्याकाळी आबा चिडत, "हातचा विसरलीस बघ!" मग ती हातचा आणखी ठळक काढायची. मला ते ठळक एक, वहीभर, अजून डोळ्यांसमोर येतात.

माझ्या कपाटात खेळातल्या नोटा असतात. दहाच्या पाच आणि रुपयाची दोन नाणी तिच्यापुढे ठेवली. "मी दुकानदार. मला सत्तावीस रुपये दे."

तिने दहाच्या दोन नोटा दिल्या आणि थांबली. "सुट्टे नाहीत."

"मग?"

"नोट मोडा." तिने दहाची एक नोट मला दिली, मी दहा नाणी दिली. सात नाणी मोजून माझ्याकडे सरकवली. स्वतःकडचे मोजले, दहा, वीस, एक, दोन, तीन, चार, पाच. मग कागदावरच्या पंधराकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मी काही बोलले नाही. अशा वेळी बोलायचा मोह आवरणं हे माझ्या कामातलं सगळ्यात अवघड.

"ताई," ती म्हणाली, "नोट मोडली तेव्हाच माझी नोट गेली. आणि मग खाली एक लिहून मी अजून एक नोट दिली. मी दहा रुपये दोनदा दिले."

तिने खोडरबर उचलला नाही. पंधरा तसेच ठेवले आणि शेजारी पंचवीस लिहिले.

पुढच्या शनिवारी मी आबांना बोलावलं. ते जरा ताठ बसले होते, आपल्यावर ठपका येणार असं वाटून. माणूस असा की जुन्या शाळेत पावकी, निमकी, सवायकी, दिडकी, अडीचकी सगळं म्हटलेला. औटकी अजून येते, साडेतीनचा पाढा. मी म्हटलं, "आबा, तुमची रीत अगदी बरोबर आहे. पण मला सांगा, हातचा खालच्याला का द्यायचा?"

ते विचारात पडले. "द्यायचा असतो. मास्तर सांगायचे."

"तुमचं वय किती?"

"एकाहत्तर."

"मनूचं नऊ. दोघांत फरक बासष्टचा. दहा वर्षांनी तुम्ही एक्याऐंशी, ती एकोणीस. फरक?"

"बासष्टच की!" हे मनू ओरडली.

हातच्याची वजाबाकी एवढ्यावरच उभी आहे. वरच्या संख्येत दहा सुटे मिळवले, म्हणून खालच्या संख्येत एक दशक मिळवायचा. दोघांची वयं सारखी वाढली की अंतर तेच राहतं. आबांनी कागद स्वतःकडे ओढून दोन-तीन उदाहरणं करून पाहिली, प्रत्येक वेळी वरचं वय, खालचं वय असं पुटपुटत. मग म्हणाले, "साठ वर्षं हातचा देतोय. कुठून येतो ते आज कळलं." त्या माणसाच्या चेहऱ्यावरचा आनंद मी विसरणार नाही.

आईचा पुढचा प्रश्न मात्र नेमका होता. "मग दोन्हींतली कुठली शिकवायची?" १९४९मध्ये अमेरिकेत ब्राउनेल आणि मोझर यांनी तिसरीच्या वर्गांतल्या मुलांवर मोठा अभ्यास केला होता, नेमका याच दोन रीतींवर. दशक मोडण्याची रीत समजावून शिकवली तिथे ती सरस ठरली. नुसती पायऱ्या पाठ करून घेतली तिथे तो फायदा राहिला नाही. म्हणून माझं उत्तर असं, की मूल अजून अडखळतंय तोवर वर्गात चालू असलेली एकच रीत, आणि तीही नोटा, काड्यांच्या मोळ्या, मणिमाळ हातात देऊन. ती पक्की झाल्यावर आबांची खुशाल शिकवावी, वयाच्या गोष्टीसकट. दोन वाटांनी एकाच उत्तराला पोहोचणारं मूल गणितात रमतं. पण दोन्ही वाटांवर एकाच वेळी पाय ठेवायला लावू नये.

आई म्हणाली, "मग अभ्यास मीच घेते आता. पण मला स्वतःला गणिताची धडकी भरायची." मी तिला स्पष्ट सांगितलं की घाई करू नका. २०१५मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात पहिली-दुसरीच्या मुलांबाबत दिसलं होतं की गणिताची भीती असलेले पालक वारंवार गृहपाठात मदत करत, तेव्हा मुलं वर्षभरात कमी शिकली आणि त्यांची भीतीही वाढली. आईने बाजारातून येताना हिशेब मनूला करू द्यावा, आणि गृहपाठाला फक्त एक वाक्य म्हणावं, "कसं केलंस ते मला सांग." बरोबर आलेल्या उदाहरणालाही तेच विचारायचं, नाहीतर मूल शिकतं की "कसं केलंस" म्हणजे चुकलं.

बाईंना भेटायला मी शाळेत गेले. पन्नासच्या आसपास मुलं, एक फळा, आणि अभ्यासक्रम संपवायची तारीख डोक्यावर. त्यांना दोष देणं सोपं आहे आणि अन्यायाचं आहे. मनूचा कागद त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी तो दोनदा वाचला आणि म्हणाल्या, "मी हिला बेफिकीर समजत होते." दुसऱ्या आठवड्यात त्यांचा फोन आला. त्यांनी फळ्यावर नाव न घेता ५२ − २७ = १५ लिहिलं आणि वर्गाला विचारलं, हे उत्तर कसं आलं असेल, शोधा. मुलांनी शोधलं. आणि आणखी चार वह्यांत तेच दहा सापडले. त्या चौघांच्याही घरी आजी किंवा आजोबा अभ्यास घेत होते.

तुमचंही मूल "गणितात कच्चं" असेल, तर धास्तावून शोधाशोध करण्याआधी त्याच्या चुकलेल्या दहा उदाहरणांची उत्तरं आणि खरी उत्तरं एकाखाली एक लिहून पाहा. फरक एकसारखे असतील, तर मूल काहीतरी मनापासून पाळतं आहे. ते काय, हे त्याच्याकडूनच ऐका. फरक कसेही विखुरलेले असतील, दहाच्या आतली बेरीजही बोटांवर चालली असेल, नाणी आणि घड्याळ कळत नसेल, तर मात्र तपासणी लांबवू नका.

मनू फेब्रुवारीत पुन्हा आली. मी मुद्दाम ४०३ − १६८ दिलं होतं. ती शून्यापाशी थांबली, पेन्सिल दातात. "दहाची एकही नोट नाही." मग स्वतःशीच, "शंभराची मोडू. त्यातली एक दहाची परत मोडू." खाली २३५ आलं. पान अख्खं होतं.

पोटदुखी मात्र लगेच गेली नाही. मंगळवारी सकाळी अजूनही कधीतरी दुखतं, आणि वेळ लावून पेपर दिला की तिचे शेवटचे दोन प्रश्न राहतात. त्यावर आमचं काम चालू आहे.