जळगावच्या उन्हात धातूच्या कुंड्या टिकतील का? कोणता पत्रा घ्यावा आणि घरात-गॅलरीत त्या कशा मांडाव्यात?

ताई, तुमच्या प्रश्नाचा मथितार्थ मी असा घेतला: जळगावात नवं घर झालंय, हॉलमध्ये आणि पश्चिमेच्या गॅलरीत धातूच्या कुंड्या ठेवायच्यात, ऑनलाइन पाहिलेल्या काळ्या चौकोनी कुंड्या मनात भरल्यात, सासूबाईंचं पितळी घंगाळही माळ्यावर पडून आहे, आणि उन्हात झाडं जळतील अशी धास्ती वाटते. भुसावळला माझं ग्रील-गेटचं वर्कशॉप आहे. रेलिंग, गेट यांच्यासोबत कुंड्या आणि स्टँडही आम्ही करून देतो, आणि घरच्या गच्चीवरची बाग मी स्वतः सांभाळतो. तेव्हा पत्रा आणि झाड, दोघांच्याही बाजूनं सांगतो.

मुद्द्याची गोष्ट आधी. आपल्या खान्देशात धातूच्या कुंडीत थेट माती भरू नका. धातूची कुंडी फक्त बाहेरचं आवरण म्हणून वापरा. आत झाड त्याच्या प्लास्टिकच्या नाहीतर मातीच्या कुंडीत राहू द्या आणि दोन्हींच्या मधे चहूबाजूंनी दोन बोटं जागा मोकळी सोडा. पुण्या-नाशिकच्या हवेत थेट माती भरून भागत असेल. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, तिथे भागत नाही.

कारण समजून घ्या, म्हणजे पुढचं सगळं सोपं होईल. मातीची कुंडी पाणी पाझरते, ते पाणी बाहेरून वाळतं आणि कुंडी गार राहते. पत्रा पाझरत नाही. ऊन पडलं की तो तापतो आणि ती उष्णता तशीच आतल्या मातीला देतो. कुंडीतल्या झाडाची बारीक मुळं तर नेमकी कडेलाच गोळा झालेली असतात. कुंडीतली माती ४० अंशांच्या आसपास गेली की बऱ्याच झाडांच्या या मुळांना इजा व्हायला लागते. वरून आपल्याला पानं करपलेली दिसतात, आपण म्हणतो पाणी कमी पडलं, आणि तापलेल्या मातीत आणखी पाणी ओततो. दोन्हींच्या मधे हवा असली की पत्रा कितीही तापला तरी आतल्या कुंडीला सावलीच मिळते.

तुमची गॅलरी पश्चिमेची आहे म्हणून हे जास्त जोर देऊन सांगतोय. मे अखेरीस भरदुपारी सूर्य आपल्या अगदी डोक्यावर असतो, त्या वेळी कुंडीच्या बाजूंवर ऊन फारसं पडतच नाही. खरा मारा तीननंतर सुरू होतो. ऊन तिरपं होतं, छज्जाच्या खालून आत शिरतं आणि कुंडीच्या अंगावर सरळ पडतं, ते थेट दिवस मावळेपर्यंत. आता ज्या जागी कुंडी ठेवायची तिथे लोखंडाचं एखादं घमेलं उलटं ठेवा आणि संध्याकाळी चारला त्याच्या पश्चिमेच्या अंगाला तळहात लावून बघा. हात टेकवत नसेल तर तिथे काळी कुंडी नकोच. गॅलरीत क्रीम, फिकट राखाडी, पांढरा असे रंग घ्या. काळ्या कुंड्या हॉलमध्ये ठेवा, तिथे त्या खरंच देखण्या दिसतात.

आता पत्रा कोणता. साधा लोखंडी म्हणजे एमएस पत्रा स्वस्त, हवा तसा वळतो, पण त्याचं आयुष्य रंगावर अवलंबून. जीआय पत्र्यावर जस्ताचा थर असतो, म्हणून उघड्यावर ठेवायच्या कुंडीला तो बरा. मात्र जीआयला वेल्डिंग केलं की सांध्यावरचं जस्त जळून जातं आणि तिथूनच गंज धरतो. वेल्डिंगनंतर सांधा घासून झिंकवाला प्रायमर मारायला कारागिराला आठवणीनं सांगा, सांगितल्याशिवाय फार थोडे लोक मारतात. अॅल्युमिनियम गंजत नाही आणि हलकं असतं, गॅलरीसाठी चांगलं. पण ते हलकेपण वाऱ्यात भोवतं. पावसाच्या तोंडावर आपल्याकडे केळीचे बागच्या बाग आडवे करणारं वादळ येतं, त्यात उंच आणि अरुंद कुंडी कलंडायला वेळ लागत नाही. तळाला दोन विटा टाका. स्टेनलेस स्टीलमध्ये २०२ आणि ३०४ असे दोन ग्रेड सहसा मिळतात. बाहेर ठेवायची तर ३०४ घ्या. दुकानदार लोहचुंबक लावून दाखवेल, पण त्यानं हे दोन ग्रेड वेगळे ओळखता येत नाहीत, बिलावर ग्रेड लिहून घ्या. आपल्या बोअरच्या क्षारयुक्त पाण्याचे पांढरे ओघळ स्टीलवर फार उठून दिसतात, हेही लक्षात असू द्या.

गंजाच्या तांबूस रंगाची कॉर्टन स्टीलची कुंडीही हल्ली लोक मागतात. खऱ्या कॉर्टनमध्ये तांबं, क्रोमियम मिसळलेलं असतं, त्यामुळे वरचा गंज घट्ट बसतो आणि आतल्या पत्र्याला वाचवतो. त्या नावाखाली साधा एमएस पत्रा गंजवून विकणारेही आहेत, आणि तो पत्रा शेवटी सडतोच. खरा असो की खोटा, पहिल्या पावसाळ्यात तांबडं पाणी खाली उतरतंच. नव्या घराच्या पांढऱ्या टाइल्सवर ती कुंडी ठेवू नका, अंगणात मातीवर शोभते.

जाडीचा हिशेब असा, की गेजचा आकडा वाढला की पत्रा पातळ होतो. १६ गेज साधारण १.६ मिलिमीटर, १८ गेज १.२, २० गेज ०.९. थेट माती भरायची असेल तर लांब पेटीसारख्या कुंडीला १६ गेजही कमी पडतो, ओल्या मातीच्या दाबानं बाजू फुगतात. कुंडीत कुंडी ठेवायची असेल तर पत्र्यावर मातीचा दाबच येत नाही, २० गेजमध्ये काम होतं. वरची कड तेवढी आत दुमडून घ्या. तिनं कुंडीला ताठपणा येतो, आणि लहान मुलांचे हात धारेवर कापत नाहीत.

गंजाबद्दल सगळे बाहेरच्या रंगाचा विचार करतात. आपल्या घरातला कुलर आठवा, त्याची टाकी कुठून सडते? बाहेरून नाही. आतून, तळाच्या कोपऱ्यात आणि पाण्याच्या रेघेवर, जिथे ओल आणि हवा एकत्र येतात. कुंडीचंही तसंच होतं. म्हणून कुलरच्या टाकीला दर सीझनला आतून जो काळा डांबरी रंग मारतो, तोच बिटुमेन पेंट कुंडीलाही आतून दोन हात मारा. तळ आणि कोपरे सोडू नका. पूर्ण वाळून वास गेल्यावरच झाड आत ठेवा. बाहेरून पावडर कोटिंग, म्हणजे भट्टीत भाजून बसवलेला कोरडा रंग, करणार असाल तर पावडर पॉलिएस्टरची हवी. एपॉक्सीची पावडर घरातल्या वस्तूंना छान असते, पण उन्हात ती निस्तेज होते आणि हाताला खडूसारखी भुकटी लागते.

एक खास आपल्या भागातली गोष्ट. शेतातून केळीसाठी आणलेला पोटॅश मूठभर कुंडीत टाकायची पुष्कळांना सवय असते. तो बहुतेक वेळा म्युरेट ऑफ पोटॅश असतो, म्हणजे पोटॅशियम क्लोराइड. क्लोराइड लोखंड आणि जस्त दोन्ही खातो. धातूच्या कुंडीजवळ तो नको. शेणखत, गांडूळखत वापरा. पोटॅश द्यायचाच असेल तर सल्फेटवाला, ०:०:५० मिळतो तो, पाण्यात विरघळवून थोडा थोडा द्या.

कुंडीला पाय हवेतच. तळ फरशीला टेकला की खाली पाणी अडकतं, पत्रा सडतो आणि फरशीवर जो तांबडा गोल उमटतो तो ॲसिडनंही नीट जात नाही, उलट फरशी खराब होते. दोन इंचांचे पाय आणि त्यांना रबरी किंवा नायलॉनचे बूट एवढं पुरे. गॅलरीतल्या धातूच्या कुंडीला तळाशी बोट जाईल एवढी चार-पाच भोकं हवीत. घरातल्या धातूच्या कुंडीला भोक नको, पण मग आतली कुंडी विटेच्या तुकड्यांवर उचलून ठेवा, म्हणजे निथळलेलं पाणी मुळांना लागणार नाही. ते पाणी आठवड्यातून एकदा न चुकता ओतून टाका. डेंग्यूच्या डासाला तेवढं साचलेलं पाणी पुरतं, आणि अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवसच लागतात. पावसाळ्यात तर यात हयगय नकोच.

घरात झाड मरतं ते बहुधा जास्त पाण्यानं. पत्र्यातून ओल उडून जात नाही, वरची माती कोरडी दिसते आणि खाली चिखल असतो. बोट दोन पेरं खुपसून बघायचं, कोरडं लागलं तरच पाणी घालायचं. शेतातली काळी माती कुंडीत आणू नका. शेतात ती सोनं आहे, कुंडीत ओली झाली की फुगते आणि वाळली की भेगा पडून काठ सोडते, पाणी कडेनं निसटून जातं. कोकोपीट, गांडूळखत आणि जाड वाळू मिसळा. वजनही कमी होतं.

वजनावरून सांगतो, दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट खोल पेटीत ५६ लिटर ऐवज बसतो. ओली माती भरली तर ९० किलोच्या आसपास जाते. नव्या स्लॅबला हे जड नाही, तरी अशा पेट्या गॅलरीच्या पुढच्या कठड्याला न लावता घराच्या भिंतीला लावून ठेवा. गावाकडच्या जुन्या धाब्याच्या घरावर मात्र असल्या कुंड्या चढवूच नका. तिथला भार लाकडी सऱ्यांवर असतो आणि कुंडीतून झिरपणारं पाणी त्यांना कुजवतं.

आता घंगाळाबद्दल. ताई, ते माळ्यावरून आजच काढा. पितळी घंगाळाइतकी शोभा बाजारातल्या कुठल्याच नव्या कुंडीला येत नाही. फक्त त्याला भोक पाडू नका आणि आत माती भरू नका. भोक पाडलेलं भांडं पुन्हा कधी लग्नकार्याला वापरता येत नाही. शिवाय पितळेत तांबं असतं आणि ओल्या, आंबट मातीत ते विरघळून मुळांना बाधतं. नर्सरीवाले मुळं कुंडीच्या कडेनं गुंडाळू नयेत म्हणून काही कुंड्यांना आतून मुद्दाम तांब्याचा लेप देतात, एवढं ते मुळांना मानवत नाही. घंगाळाचं तोंड पसरट असतं, तेव्हा आत प्लास्टिकच्या तीन लहान कुंड्या बसवा: मधे पीस लिली, कडेला मनी प्लांट, त्याच्या वेली काठावरून आणि कड्यांमधून खाली सोडा. चिंच नाहीतर लिंबू-मिठानं घासून लख्ख ठेवायचं की जुना काळपट रंग राहू द्यायचा, ही ज्याची त्याची आवड. मला काळपट अंग आणि फक्त काठ घासून चमकवलेला, असं आवडतं. उन्हाळ्यात कुलरच्या सरळ झोतात ठेवू नका, ओलीनं पितळेवर हिरवट डाग धरतात आणि झाडाची पानंही फाटतात.

मांडणीत माझा आग्रह एकच, एका नजरेत येणाऱ्या जागी एकच धातू. हॉलमध्ये पितळ असेल तर बाकीच्या कुंड्या काळ्या किंवा मातीच्या ठेवा. पितळ, चकचकीत स्टील आणि तांबं शेजारी शेजारी आलं की भांड्यांचं दुकान वाटतं. काळी चौकोनी कुंडी कोपऱ्यात एकटी ठेवा, तिच्यात उंच झाड लावा, कुंडीच्या दीडपट-दुप्पट उंचीचं. रबर प्लांट किंवा स्नेक प्लांट उत्तम. खिडकीपासून लांब, उजेड कमी असेल तिथे झेडझेड प्लांट लावा, तो तग धरतो. पितळ मात्र उजेडाच्या वाटेवर ठेवा, खिडकीच्या थोडं आत, सकाळचं ऊन अंगावर आलं की सगळी भिंत उजळते.

गॅलरीत लांब पेटी करून घ्या आणि तिच्यात तीन-चार कुंड्या ओळीनं बसवा. पश्चिमेचं ऊन सोसणारी झाडं म्हणजे बोगनवेल, अडेनियम, कोरफड, पांढरा चाफा. मोगराही चांगला फुलतो, फक्त पाणी चुकवायचं नाही. कण्हेर काटक असते, पण विषारी, आणि अडेनियमचा चीकही विषारीच, तेव्हा घरात रांगतं मूल असेल तर विचार करून लावा. मातीवर शोभेचे खडे टाकू नका, तेही तापतात. त्याऐवजी केळीची वाळलेली पानं कातरून पसरा, आपल्याकडे त्यांना काय तोटा. मार्चपासून जूनपर्यंत पाणी पहाटे किंवा दिवस मावळल्यावर द्या. गावाला जाणं होत असेल तर ठिबकची बारीक नळी टाकून घ्या, जळगावात ठिबकचं सामान हवं तिथे मिळतं, आणि नळीसाठी पेटीच्या मागच्या अंगाला एक भोक आधीच पाडून घेतलेलं बरं.

करायला टाकण्याआधी आतल्या कुंड्या विकत आणा आणि त्या घेऊनच वर्कशॉपला जा. आतल्या कुंडीच्या काठाचं माप घेऊन चारी बाजूंनी दीड इंच वाढवायला सांगा, आणि उंची अशी ठेवा की विटेच्या तुकड्यावर ठेवलेल्या कुंडीचा काठ पत्र्याच्या काठाच्या इंचभर खाली राहील. म्हणजे आतलं प्लास्टिक बाहेरून दिसत नाही आणि कुंडी धरून वर उचलायला हातही जातो. भोकं आणि पाय रंगाच्या आधी करून घ्या. कोटिंग झाल्यावर पाडलेल्या भोकाची कड उघडी राहते, आणि पहिला गंज तिथेच येतो.